घरून काम आणि उघडे राहिलेले पोर्ट

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

घरून काम करण्याविषयी वर्तमानपत्रांत जे लिहून येते ते बहुधा पुण्या-मुंबईतल्या मोठ्या आयटी कंपन्यांना धरून असते. त्यांच्याकडे नेटवर्क सांभाळणारा स्वतंत्र विभाग असतो. माझा संबंध येतो तो निराळ्या कार्यालयांशी. सांगली-मिरज परिसरात गेली १९ वर्षे मी करसल्लागार, सनदी लेखापाल, हळद-बेदाण्याचे अडते, लहान पतसंस्था अशा ठिकाणची नेटवर्क बसवण्याचे आणि दुरुस्तीचे काम करतो. चार-पाच टेबले, कोपऱ्यात टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर (सगळ्यांचा डेटा ठेवणारा मुख्य संगणक) आणि भिंतीवर इंटरनेट कंपनीने दिलेला राउटर एवढाच त्यांचा पसारा असतो. या कार्यालयांतली माणसेही आता घरून काम करतात, आणि ती ज्या पद्धतीने कार्यालयाशी जोडलेली आहेत त्याविषयी मला कळकळीने लिहावेसे वाटते.

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवसापासून माझा फोन वाजू लागला. मार्चअखेर तोंडावर आलेली, सर्व्हर कुलूपबंद कार्यालयात आणि माणसे घरी. त्या आठवड्यात मी ११ कार्यालयांच्या राउटरवर रिमोट डेस्कटॉपचे, म्हणजे दुरून सर्व्हरचा पडदा पाहून काम करण्याच्या सोयीचे, ३३८९ क्रमांकाचे पोर्ट (नेटवर्कचे दार) थेट इंटरनेटला उघडे करून दिले. दहा मिनिटांत होणारे, फुकटचे काम. घरातल्या संगणकावर कार्यालयाचा आयपी पत्ता टाकला की सर्व्हरचा पडदा समोर येई, आणि सगळ्यांनी माझे आभार मानले. ही सोय तात्पुरती आहे हे मी तोंडी सांगितले होते. ती बंद करायला मात्र मी वेळेवर गेलो नाही.

पावसाळ्यात त्यांपैकी एका कार्यालयातून सोमवारी सकाळी फोन आला की टॅलीमध्ये एकाही कंपनीचा हिशोब दिसत नाही. जाऊन पाहिले तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे अनोळखी शेपूट जोडलेले होते आणि प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणी मागणारी एक चिठ्ठी ठेवलेली होती. बॅकअपची हार्ड डिस्क सर्व्हरलाच कायम लावून ठेवलेली असल्याने तीही त्यात गेली. विंडोजच्या सुरक्षा नोंदी उघडल्या तेव्हा ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे चुकलेल्या पासवर्डच्या, नोंदींची रांग संपेना: सेकंदा-दोन सेकंदाला एक प्रयत्न, प्रत्येक वेळी नाव ‘ॲडमिनिस्ट्रेटर’, आणि हे कित्येक दिवस अहोरात्र चाललेले. शेवटी एक पासवर्ड जुळला. त्या कार्यालयातल्या दोन ताईंनी पुढचे दोन महिने कागदी व्हाउचरे समोर ठेवून हिशोब पुन्हा भरले. ते पोर्ट मी उघडले होते, म्हणून हे पत्र लिहिण्याची जबाबदारी मी माझी समजतो.

पोर्टचा क्रमांक बदलला की काम भागते, असे आमच्या व्यवसायातही अनेकजण मानतात. ते खरे नाही. इंटरनेटवरचे पत्ते आणि पोर्ट तपासत फिरणारे प्रोग्राम ३३८९ च्या जागी ३३९० ठेवले तरी तेथे पोहोचतात. शिवाय पासवर्ड कितीही कठीण असला तरी सॉफ्टवेअरमधल्या दोषापुढे त्याचा उपयोग नसतो. मे २०१९ मध्ये जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये ‘ब्लूकीप’ नावाने ओळखला जाणारा जो दोष उघड झाला, त्यात आत शिरण्यासाठी पासवर्डची गरजच नव्हती.

यावरचा उपाय लहान कार्यालयाच्या आवाक्यातला आहे आणि तो म्हणजे व्हीपीएनची, म्हणजे इंटरनेटवरून खासगी, बंदिस्त वाट काढण्याची, सोय असलेला राउटर. घरचा संगणक आधी या राउटरशी कूटबद्ध जोडणी करतो, ओळख पटली तरच तो कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये येतो, आणि मग रिमोट डेस्कटॉप त्या जोडणीच्या आतून चालतो. बाहेरच्या जगाला सर्व्हर दिसत नाही. व्हीपीएन सर्व्हरवर न चालवता राउटरवर चालवण्याचा फायदा हा, की परक्याची पहिली गाठ राउटरशी पडते, हिशोब ठेवलेल्या यंत्राशी पडत नाही.

मात्र राउटर विकत आणला म्हणजे झाले, असे नाही. जुन्या राउटरमध्ये पीपीटीपी हा व्हीपीएनचा जुना प्रकार अजून आढळतो आणि जोडायला सोपा म्हणून तोच निवडला जातो. त्याची ओळख पडताळण्याची पद्धत फोडता येते हे २०१२ मध्येच दाखवून देण्यात आले, आणि ॲपलने २०१६ मध्ये आपल्या फोन व संगणकांतून तो काढून टाकला. ओपनव्हीपीएन, आयपीसेक किंवा वायरगार्ड यांपैकी एखादा प्रकार घ्यावा. मी स्वतः आता वायरगार्ड बसवतो. मार्च २०२० मध्येच तो लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात दाखल झाला. त्यात प्रत्येक माणसाची सांकेतिक किल्ली वेगळी असते, त्यामुळे कोणी नोकरी सोडली की फक्त त्याची किल्ली काढून टाकता येते. सगळ्यांना मिळून एकच नाव आणि एकच पासवर्ड देण्याची आपल्याकडची सवय येथे फार महागात पडते. अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन या तेलवाहिनीवर मे २०२१ मध्ये हल्ला झाला तो वापरात नसलेल्या, पण बंद न केलेल्या एका व्हीपीएन खात्यातून. त्या खात्याला पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी नव्हती.

बसवताना हमखास अडते ते पत्त्यांपाशी. घरच्या आणि कार्यालयाच्या राउटरवर कारखान्यातून आलेले, १९२.१६८.१ ने सुरू होणारे तेच पत्ते पुष्कळदा असतात. मग व्हीपीएन जोडला गेल्याचे दिसते, तरीही सर्व्हर सापडत नाही, कारण घरचा संगणक त्याला घरातच शोधत राहतो. दोन्ही गल्ल्यांत घरक्रमांक तेच असल्यावर पोस्टमनने तरी काय करावे? कार्यालयाचे पत्ते १९२.१६८.३७ असे काहीतरी वेगळे करून घ्यावे लागतात, आणि त्यासाठी प्रिंटर, हजेरीचे यंत्र, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर या सगळ्यांचे पत्ते बदलावे लागतात. हे रविवारचे काम आहे. कामाच्या दिवशी घाईत केले की कुठला तरी प्रिंटर राहून जातो.

दुसरी अडचण इंटरनेट कंपन्यांची आहे आणि तेथे माझी तक्रार आहे. अनेक जोडण्यांवर ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळतच नाही. एकच पत्ता अनेकांत वाटलेला असतो. राउटरच्या पडद्यावर १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पत्ता दिसला तर तो असाच वाटलेला पत्ता समजावा. अशा जोडणीवर बाहेरून कार्यालयापर्यंत पोहोचता येत नाही. स्टॅटिक आयपीसाठी, म्हणजे न बदलणाऱ्या स्वतंत्र पत्त्यासाठी, वेगळे पैसे भरावे लागतात आणि त्याला माझी हरकत नाही, पण ही गोष्ट जोडणी विकतानाच लेखी सांगितली पाहिजे. राउटर विकत घेऊन झाल्यावर ग्राहकाला ती माझ्या तोंडून कळते तेव्हा त्याला मीच फसवतो आहे असे वाटते.

वेगाविषयीही गैरसमज आहेत. घरून काम करणाऱ्याला कार्यालयातून जे मिळते ते कार्यालयाच्या अपलोडमधून जाते, त्यामुळे डाउनलोडचा मोठा आकडा पाहून जोडणी घेऊ नये. राउटरच्या खोक्यावरचा वेगही साध्या वापराचा असतो. कूटबद्ध करण्याचे काम त्याच्या छोट्या प्रोसेसरवर पडले की तो पुष्कळ खाली येतो. आणि टॅलीचा डेटा व्हीपीएनमधून थेट घरच्या संगणकावर उघडण्याचा मोह टाळावा. जोडणी मध्येच तुटली की डेटा बिघडण्याची भीती असते. टॅली सर्व्हरवर चालू द्यावी, घरी फक्त पडदा यावा. सर्व्हरच्या बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याची सोय चालू करावी आणि राउटरला छोटा यूपीएस लावावा, म्हणजे लाइट जाऊन आल्यावर कोणाला किल्ली घेऊन कार्यालयात धावावे लागणार नाही.

व्हीपीएनने सगळे सुरक्षित होते, असे मात्र मी म्हणणार नाही. ज्या संगणकावर दुपारी मुले खेळ उतरवून घेतात तोच संध्याकाळी कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये येत असेल, तर त्यातले व्हायरसही त्याच वाटेने येऊ शकतात. म्हणून राउटरवर नियम घालून प्रत्येकाला फक्त त्याच्या कामाचे यंत्र आणि तेवढेच पोर्ट द्यावे. राउटरचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत ठेवावे, आणि बॅकअपची एक डिस्क काढून कपाटात ठेवावी.

काही ग्राहक विचारतात की व्हीपीएन कायद्यात बसतो का, पाच वर्षांच्या नोंदी ठेवाव्या लागतात असे ऐकले आहे. ती अट सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतली आहे आणि ती सर्वसामान्य लोकांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांना लागू आहे. कार्यालयाने आपल्या माणसांसाठी चालवलेला व्हीपीएन त्यात येत नाही, हा खुलासा सर्ट-इननेच त्यानंतर केला. उलट, २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. करसल्लागाराच्या सर्व्हरवर शेकडो लोकांचे पॅन, आधार आणि बँक खाती असतात, आणि त्या लोकांनी विश्वासाने ती दिलेली असतात.

आपले कार्यालय उघडे आहे का, हे कोणालाही पाहता येईल. मोबाइलचे वायफाय आणि व्हीपीएन बंद करून, मोबाइल डेटावरून, रिमोट डेस्कटॉपच्या ॲपमध्ये कार्यालयाचा बाहेरचा आयपी पत्ता टाकावा. घरून काम करताना पत्त्यापुढे एखादा पोर्ट क्रमांक टाकत असाल तर तोही टाकावा. नाव आणि पासवर्ड टाकल्यावर कार्यालयाच्या सर्व्हरचा पडदा आला, तर त्या दारापर्यंत जगात कोणालाही पोहोचता येते आहे.

मी ज्या ११ कार्यालयांची पोर्ट उघडली होती, त्यांपैकी दहांची मी स्वतः जाऊन बंद केली आणि तेथे व्हीपीएन राउटर बसवले. अकरावे कार्यालय मार्केट यार्डाजवळ होते. त्यांनी जागा बदलली, फोन लागत नाही, आणि राउटर त्यांनी बरोबर नेला असल्यास त्यातली ती नोंद अजून तशीच असेल. आपल्या दैनिकातून हे पत्र त्यांच्या वाचनात आले, तर त्यांनी जवळच्या कोणत्याही जाणकाराकडून ३३८९ चे पोर्ट आजच बंद करून घ्यावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक नेटवर्क तंत्रज्ञ, मिरज