ड्रोन उडवणारी पोरं चोर नाहीत, त्यांना सकाळचं एक मैदान द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

माझं श्रीरामपूरला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे आणि गेली तीन वर्षं मी आणि माझा पुतण्या ड्रोन बनवतो आणि उडवतो, म्हणजे डब्यातून काढला आणि उडवला तसला नाही, सुटे पार्ट आणून, सोल्डरिंग करून, घरी टेबलावर बनवलेला. पत्र लिहायचं कारण असं की दिवाळीनंतर एका संध्याकाळी पुतण्या जवळच्याच एका गावाच्या पडीक रानात ड्रोन उडवत होता, अंधार पडायला लागलेला, ड्रोनच्या खाली एलईडी पट्टी लावलेली, आणि दहा मिनिटांत तीस-चाळीस माणसं जमा झाली. पोरगा अकरावीत आहे. ड्रोन खाली उतरवायला लावला, रिमोट हिसकावला, दोन थपडा बसल्या आणि ड्रोनच्या फ्रेमचे, म्हणजे सांगाड्याचे, दोन हात पायाखाली मोडले. मी पोचलो तेव्हा तो गोठ्यापाशी खाली मान घालून बसला होता आणि हातात बॅटरी घट्ट धरलेली, कारण बॅटरीवर कुणाचा पाय पडला तर पेट घेईल हे त्या गर्दीत त्याला एकट्यालाच माहीत होतं.

त्या गावच्या लोकांवर माझा राग नाही हे आधीच सांगतो. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना, संभाजीनगर आणि आपल्या नगर जिल्ह्यातही रात्री ड्रोन फिरताहेत, चोर टेहळणी करताहेत म्हणून गावंच्या गावं जागली आहेत, माणसं काठ्या घेऊन गच्चीवर बसलीत, ते सगळं तुमच्याच पेपरातून आलेलं आहे. भीती खरी होती. पण त्या भीतीमुळे आता हातात रिमोट दिसला की पोरगा संशयित, हे बरोबर नाही आणि हे बदलायचं असेल तर ही पोरं नक्की काय करतात ते लोकांना कळलं पाहिजे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुकानात रोज एक तरी पोरगं विचारतं, काका ड्रोन बनवायचाय, कुठून सुरुवात करू. मी म्हणतो ड्रोन नंतर, आधी रिमोट घे. तोच रिमोट कॉम्प्युटरला जोडून सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावरच्या खोट्या ड्रोनवर, महिनाभर उडव, तिथे शंभर वेळा आपटलास तरी एक रुपया जात नाही. मग तळहाताएवढा व्हूप घे, प्रोपेलरभोवती, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांभोवती, प्लास्टिकची कडी असलेला, तीस ग्रॅमच्या आसपास भरतो, घरात उडवला आणि भिंतीला धडकला तरी उठून परत उडतो. ते जमलं की मग पाच इंची, म्हणजे पाच इंचाच्या प्रोपेलरचा ड्रोन बनवायचा. पोरांना घाई असते, व्हिडिओ बघून थेट पाच इंचीवर उडी मारायची असते, आणि पाच इंचीचा प्रोपेलर म्हणजे खेळणं नाही, बोट गेलं तर टाके पडतात.

पाच इंचीत काय असतं, तर कार्बन फायबरची फ्रेम, चार ब्रशलेस मोटरी, त्यांना करंट देणारं ईएससीचं बोर्ड, त्याच्यावर फ्लाईट कंट्रोलर, रिसिव्हर, कॅमेरा आणि लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी. कंट्रोलरवर जायरो असतो, ड्रोन किती वाकला किती फिरला हे तो सेकंदाला हजारो वेळा मोजतो आणि त्यावरून कुठल्या मोटरीला किती जोर द्यायचा ते ठरतं. तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोन मोटरी एकाच दिशेला फिरतात आणि शेजारच्या उलट्या. ड्रिल मशीन चालू करताना मनगटाला उलटा हिसका बसतो ना, तसाच हिसका प्रत्येक मोटर फ्रेमला देते, दोन सुलट दोन उलट असल्याने तो एकमेकांत जिरतो, आणि ड्रोन जागेवर वळवायचा असेल तर एका जोडीला थोडं जास्त पळवायचं, बस. हे एवढं कळलं की पोराला भौतिकशास्त्राचा आख्खा धडा हातात कळतो. आमच्या पुतण्याने पहिल्यांदा एक प्रोपेलर उलटा बसवला होता, थ्रॉटल (मोटरींचा जोर) देताच ड्रोन जागेवरच पालथा पडला, आणि मग रात्री बारापर्यंत वहीत बाण काढत बसला, तेव्हापासून एकदाही चुकला नाही.

सोल्डरिंगचं जरा जास्त सांगतो कारण तो माझा रोजचा धंदा आहे. मोबाईलला चालतो तो बारीक टोकाचा सोल्डर गन इथे चालत नाही, बॅटरीची जाड वायर आणि बोर्डाचा ग्राउंडचा पॅड (मायनस वायर जोडायची जागा) सगळी उष्णता पिऊन टाकतो, वरून गोळा बसल्यासारखा दिसतो आणि आत ड्राय सोल्डर, म्हणजे जोड धरलेलाच नसतो. असा जॉइंट टेबलावर चालतो आणि हवेत साठ फुटांवर सुटतो. साठ वॅटचा चांगला गन घ्या, टोक जाड ठेवा, फ्लक्स लावा, वायर आणि पॅड दोन्हीला आधी वेगवेगळं कथील लावून घ्या, मग जोडा, जॉइंट चकचकीत दिसला पाहिजे. बॅटरीच्या वायरीला ३५ व्होल्टचा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायला विसरू नका, आणि पिवळ्या एक्सटी-६० कनेक्टरची प्लस-मायनस दोनदा तपासा कारण उलटी लागली की बोर्ड गेलंच.

आणि पहिल्यांदा बॅटरी कधीच थेट लावू नका. आपल्या प्रत्येक रिपेअरिंगवाल्याकडे सिरीज बोर्ड असतो, बल्ब सिरीजमध्ये घेऊन टीव्ही-मिक्सर चेक करतो, शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो आणि वस्तू वाचते. इथेही तेच करायचं, फक्त बल्ब गाडीच्या इंडिकेटरचा, १२ व्होल्ट २१ वॅटचा. क्षणभर चमकून विझला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर लगेच काढा आणि शॉर्ट शोधा. तीस रुपयांच्या बल्बने माझ्याकडे आलेल्या पोरांची किती बोर्डं वाचवलीत. प्रोपेलर मात्र सगळ्यात शेवटी, रानात गेल्यावर लावायचे. टेबलावर प्रोपेलर लावून मोटर तपासायची नाही म्हणजे नाही, आणि रिमोट बंद केला तर मोटरी बंद पडतात का, ते फेलसेफही घरीच प्रोपेलर काढून बघायचं.

बॅटरीबद्दल आईवडिलांनी वाचावं म्हणून लिहितो. लिपोचा एक सेल फुल ४.२ व्होल्ट, ठेवून द्यायची असेल तर ३.८ वर आणून ठेवायची, ३.५ च्या आसपास आली की ड्रोन उतरवायचा. १५०० एमएएचची बॅटरी दीड अँपिअरनेच चार्ज करा, सगळे सेल सारखे भरणारी बॅलन्स वायर लावून, आणि चार्ज होताना तिथेच बसा, झोपायला जाऊ नका. फुगलेली बॅटरी वापरायची नाही. आमच्याकडे चार्जिंग मातीच्या कुंडीत होतं, शेजारी वाळूची बादली.

कायद्याचंही लोकांना माहीत नसतं, पोलिसांनाही कधी कधी नसतं. ड्रोन नियम २०२१ च्या ऑगस्टमध्ये आले. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, तिथून दोन किलोपर्यंत मायक्रो, आमचा पाच इंची बॅटरीसकट साडेसहाशे ग्रॅम भरतो म्हणजे तो मायक्रोत बसतो. दोन किलोपर्यंत हौसेसाठी उडवणाऱ्याला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, मात्र सरकारी पोर्टलवर नोंदणी करून ड्रोनचा नंबर घ्यावा लागतो आणि तो आम्ही घेतलाय. सरकारच्या ड्रोन नकाशात हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी नको. विमानतळाच्या कुंपणापासून बारा किलोमीटरच्या आत वेगळे नियम लागतात, त्यामुळे शिर्डी विमानतळ ज्या काकडीला आहे तिथल्या आणि आसपासच्या गावातल्या पोरांनी नकाशा बघितल्याशिवाय बॅटरीसुद्धा लावू नये. मुंबईत तर पोलीस वेळोवेळी बंदीचे आदेश काढतात. २०२२ च्या फेब्रुवारीपासून परदेशातून तयार ड्रोन आणायला बंदी आहे, सुट्या पार्टना नाही, म्हणजे स्वतः बनवायची वाट सरकारनेच मोकळी ठेवलीय. आणि यातून काय घडू शकतं ते नवी मुंबईत बघा, आयआयटी मुंबईच्या पोरांनी २००७ मध्ये सुरू केलेली आयडियाफोर्ज आज सैन्याला ड्रोन देते.

त्या संध्याकाळी आमचंही चुकलं. अंधारात उडवायला नको होतं आणि गावात सांगायला हवं होतं. आठ दिवसांनी मी आणि पुतण्या त्याच गावात सकाळी गेलो, सरपंचांना आणि पोलीस पाटलांना भेटलो, नोंदणीचा कागद दाखवला आणि त्यांच्या समोर उडवला. एका आजोबांनी ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा गॉगल लावून बघितला, त्यांना वरून त्यांची विहीर दिसली आणि ते एकदम म्हणाले, "अरे थांब थांब, मोटरीच्या पत्र्यावरची वीट सरकलीय बघ." दुपारी त्यांनी पोराला पाठवून वीट नीट करून घेतली. त्याच दिवशी दुसऱ्या फेरीत ड्रोन उसाच्या फडात पडला, ऊस दोन पुरुष उंच, आत काही दिसत नाही, तर ज्यांनी आधी अडवलं होतं त्यातलेच चौघे आमच्याबरोबर फडात घुसले आणि सगळे गप्प उभे राहून ड्रोनवरच्या बझरचा पिप पिप आवाज ऐकत ऐकत पाऊण तासाने तो शोधला, पानांनी सगळ्यांचे हात कापले होते. आता त्या गावातली दोन पोरं रविवारी दुकानात सोल्डरिंग शिकायला येतात.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक तालुक्याच्या गावाला नगरपालिकेने किंवा एखाद्या कॉलेजने रविवारी सकाळी सात ते नऊ एक मैदान या पोरांसाठी ठेवावं, बाहेर बोर्ड लावावा, पोलीस स्टेशनला यादी द्यावी की आज कोण उडवतंय. गॉगल लावलेल्या प्रत्येक पोराशेजारी नुसत्या डोळ्यांनी ड्रोनकडे बघणारा एक माणूस उभा पाहिजे, अंधार पडल्यावर उडवायचं नाही, आणि माणसांच्या डोक्यावरून तर कधीच नाही, हे नियम आम्ही लिहून द्यायला तयार आहोत. आमच्या इथला अर्ज मी दिलाय, उत्तर अजून आलेलं नाही. तोवर ज्या आईबापांची पोरं ड्रोनसाठी हट्ट करताहेत त्यांनी त्यांना घेऊन कुठल्याही रविवारी दुकानात यावं, सोल्डर गन आणि बल्ब माझ्याकडे आहे, येताना डोळ्यांना लावायचा साधा प्लास्टिकचा सेफ्टी गॉगल तेवढा आणावा.

आपला,
एक मोबाईल रिपेअरिंगवाला, श्रीरामपूर