वडगावच्या मागावरून डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आमचा बोका मन्या आज घरात आहे तो तुमच्यामुळे. दवाखान्यातल्या गर्दीत हे नीट बोलता आलं नाही. शिवाय बेळगावात वडगाव, खासबाग, शहापुरात आमच्यासारखी साड्या विणणारी मागाची घरं पुष्कळ आहेत, मांजरंही आहेत. त्यांच्याही कानावर जावं म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते.

मागाच्या घरात मांजर लागतंच. उंदीर कांड्या कुरतडतात, बीमवरचं सूत तोडतात. मन्या त्यासाठी आला आणि हळूहळू सगळ्यांचा झाला. तो घडी घालून ठेवलेल्या साड्यांवर मुतायला लागला तेव्हा आमचे मामांजी संतापले, आणि त्यांचा संताप खोटा नव्हता. डाग पडलेली साडी व्यापारी घेत नाही, विणलेली मजुरी बुडते. "पोत्यात घाला आणि यळ्ळूरच्या रानात सोडून या," असं ते रोज म्हणत. शेजारीही म्हणत, बोका माजलाय, मुद्दाम करतोय.

तुम्ही औषध लिहिण्याआधी प्रश्न विचारलेत. उभा राहून, शेपटी थरथरवत भिंतीवर फवारा मारतो की खाली बसून करतो? थोडंथोडं की भरपूर? बसल्यावर ओरडतो का? सारखं तिथंच चाटत बसतो का? फवारा मारणं म्हणजे हद्द राखणं, नसबंदी केली की बहुतेक बोक्यांचं ते थांबतं, हेही तुम्ही मामांजींना समजावलंत. मन्याची नसबंदी झालेली होती आणि तो खाली बसून थेंब थेंब करत होता. म्हणजे हे दुखणं आहे, असं तुम्ही तिथंच म्हणालात. पोट चाचपून मूत्राशय तुंबलेलं नाही याची खात्री केलीत, लघवी तपासलीत. रक्त होतं; जंतू नव्हते, खडेही नव्हते. "जंतूच नाहीत, मग अँटिबायोटिक कशाला द्यायचं?" एवढं बोलून दुखणं कमी करणारं औषध तेवढं दिलंत. तरुण मांजरांत मूत्राशयाला अशी सूज येते, नेमकं कारण सापडत नाही, पण घरात ताण असला की ती उसळते, हे मला तेव्हाच कळलं. लघवीला बसल्यावर दुखलं की मांजराला तो लघवीसाठी ठेवलेला वाळूचा टबच नकोसा होतो आणि ते दुसरी मऊ, कोरडी जागा शोधतं. साड्यांची चळत त्याला तशी सापडली होती. हे ऐकल्यापासून मामांजींनी पोत्याचं नाव काढलेलं नाही.

एक गोष्ट तुम्ही दोनदा बजावलीत, ती मीही इथं बजावून लिहिते. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. तो सारखा बसतोय, कण्हतोय आणि एक थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. लघवी पूर्ण अडली तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडतं, दोन-तीन दिवसांत जीव जातो. आणि माणसाची तापाची गोळी, पॅरासिटामॉल, अजिबात द्यायची नाही. आम्हाला गल्लीतून कुणीतरी "अर्धी द्या, उतार पडेल" असं सांगितलं होतं. एका गोळीनंही मांजर मरू शकतं, हे तुम्ही सांगेपर्यंत आमच्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं.

मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते तुमच्या एका प्रश्नाबद्दल. निघता निघता तुम्ही म्हणालात, "एवढं सगळं सांगितलासा, खरं टब कुठं ठेवलाय ते सांगा की." टब होता नव्या यंत्रमागाशेजारी, भिंतीच्या कोपऱ्यात. दवाखाना बंद करून घरी जाताना तुम्ही वाट वाकडी करून आमच्याकडे आलात. माग चालू करायला लावलात आणि टबाजवळच्या फरशीवर हात ठेवून मलाही ठेवायला सांगितलात. फरशी थरथरत होती. धोट्याचा आवाज आमच्या कानांना सवयीचा झालाय, म्हणून आमच्या ते ध्यानातच येत नव्हतं. नवा माग बसला आणि त्यानंतरच मन्याचं हे सुरू झालं, हा धागा तुम्ही जुळवलात.

मग तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळं बदललं. एका मांजराला दोन टब, दोन वेगळ्या खोल्यांत, मागापासून लांब. मोठी उथळ घमेली आणली, कारण टब मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी हवा. वासाची वाळू बंद, साधी बारीक वाळू चाळून घेतो, रोज साफ करतो. पाण्याची वाटी जेवणापासून दूर. उकडलेल्या चिकनचं पाणी देतो, त्यात मीठ, कांदा, लसूण काही नाही. माळ्यावर त्याला बसायला फळी ठोकली ती मामांजींनी स्वतः. गणपतीची मिरवणूक कपिलेश्वरच्या तलावाकडे निघते त्या रात्री त्याला टब, पाणी, अंथरुणासकट मागच्या खोलीत ठेवायचं, हेही ठरवून ठेवलंय.

साफसफाईचं मात्र इथं जरा सविस्तर लिहिते, कारण याबद्दल मला बायका फार विचारतात. काळं फिनेल वापरायचं नाही. त्यातलं फिनॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही, आणि ते पाय चाटतं म्हणजे पोटात जातंच. अमोनिया असलेलं काही नको, मांजराला तो वास लघवीसारखाच वाटतो. साबणाने धुतलं की आपल्याला वास गेल्यासारखा वाटतो, पण युरिक ॲसिडचे बारीक कण सुतात, फरशीच्या फटीत राहतात आणि ओल लागली की पुन्हा वास येतो. बेळगावचा जून ते सप्टेंबर कसा असतो ते काय सांगावं! भिंती सुद्धा ओल्या. आमच्या घरी वास पुन्हा पुन्हा का यायचा ते तेव्हा कळलं. एन्झाइमचं द्रावण टाकून ते बराच वेळ मुरू द्यायचं, ही तुमची सूचना कामी आली.

हे दुखणं पुन्हा उसळू शकतं, असं तुम्ही आधीच स्पष्ट सांगितलंत. मध्यंतरी पाहुणे भरले होते तेव्हा मन्या थोडा बिघडला, पण या वेळी घरातल्या कुणीही त्याच्यावर हात उगारला नाही. सासूबाईंनीच त्याला उचलून माळ्यावर नेलं.

मागच्या गल्लीतल्या एका आजींची मांजर तेरा वर्षांची आहे. ती हल्ली पाणी फार पिते आणि टबाबाहेर मोठं थारोळं करते. म्हाताऱ्या मांजराचं असं असलं तर मूत्रपिंड आणि साखर दोन्ही तपासावं लागतं, हे तुमच्याकडूनच ऐकलेलं मी त्यांना सांगितलंय. सोमवारी त्या तिला घेऊन येतील. त्यांना कमी ऐकू येतं, तेव्हा सोबत मीही येईन.

आपली कृतज्ञ,
मन्याच्या घरची
वडगाव, बेळगाव