नाचणारीचं नाव कागदावर असू द्या

महोदय,

पाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांची बातमी सगळीच वर्तमानपत्रं देतात, आपणही दिली. गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, फड बघतात, सुपाऱ्या ठरतात, ते सगळं त्यात नीट आलं होतं. सोबत मोठा रंगीत फोटो होता. पुढं तिघी मुली, मागं ढोलकीवाला. फोटोखाली फडमालकांचं नाव होतं, कमिटीच्या अध्यक्षांचं होतं. मुलींसाठी 'तमाशा कलावंत' एवढंच. ही बारीक गोष्ट नाही, हे सांगायला मला थोडी जागा द्यावी.

मी लहान वयात ढोलकीच्या फडात उभी राहिले आणि गुडघे गेले तेव्हा थांबले. राज्य शासनाची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे, २०२४ पासून त्यात महिन्याला ५,००० रुपये मिळतात. वयाची पन्नाशी ओलांडलेली हवी आणि कलेत निदान १५ वर्षं काढलेली हवीत. माझे हंगाम त्याहून बरेच जास्त भरतात. पण कचेरीत पुरावा मागतात: हँडबिल, वर्तमानपत्रातलं कात्रण, प्रमाणपत्र. हँडबिलावर मालकाचं नाव सगळ्यात मोठं, खाली सोंगाड्याचं, मग वगाचं, म्हणजे तमाशातल्या नाटकाचं, आणि तळाला 'सोबत देखण्या नर्तकींचा संच'. त्या संचात मी होते, पण हे साहेबांना कशावरून दाखवू? कात्रणं आहेत, फोटोत मी आहे, खाली नाव नाही.

त्यात आणखी एक अडचण. फडात आले तेव्हा माझ्या नावाची एक बाई तिथं आधीच होती, म्हणून मालकीणबाईंनी मला दुसरं नाव दिलं. यात्रेतले लोक मला त्याच नावानं ओळखत, फर्माईशही त्याच नावानं येई. आधार कार्डावर ते नाव नाही. आमच्यातल्या कितीतरी जणींची हीच गत आहे. गावातल्या म्हाताऱ्यांनी येऊन 'हीच ती' म्हणून सांगितलं, तरी कचेरीला दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचा कागद लागतो.

आमची नावं एका ठिकाणी मात्र न चुकता लिहिली जात, उचलीच्या वहीत. वैशाखात फड सुटला की दसऱ्यापर्यंत कमाई नाही. मग मालकाकडून उचल घ्यायची, ती पुढच्या हंगामात नाचून फेडायची. वहीत नाव, रक्कम, तारीख, सही नाहीतर अंगठा. कोण किती वर्षं नाचली याचा याहून सरळ पुरावा कुठला? आमच्या तालुक्याच्या कचेरीत मी अशा वहीचं पान दाखवलं, तर हा खाजगी हिशेब आहे, चालत नाही म्हणाले. माझं म्हणणं आहे की हे चाललं पाहिजे. कर्जाच्या वहीत जी बाई खरी असते ती मानधनाच्या अर्जातही खरीच असते.

काही लोकांना वाटतं, नाचण्यात कसलं नाव, रूप आणि वय असलं की झालं. त्यांनी कधी ढोलकीच्या बाजूनं पाहिलेलं नसतं. गणाला, म्हणजे सुरुवातीच्या गणेशवंदनेला, आम्ही नसतो. गण संपला की गवळणीला पाठमोऱ्या यायचं, पदर दोन्ही हातांनी डोक्यामागं धरून, तोंड वाजवणाऱ्यांकडं. तोंड दिसण्याआधी लोकांना पाऊल ऐकू जातं. ढोलकीवाला तोडा वाजवतो, तो पायानं जसाच्या तसा परत द्यायचा. त्यानं लय दुप्पट केली की आपणही करायची आणि ध्रुपदावर दोघांनी एकाच ठोक्याला यायचं. आधी ठरलेलं फार थोडं असतं. एकमेकांकडं बघून, श्वासावरून ओळखावं लागतं. चाळ पायात असताना एकही घुंगरू न वाजता चालत गेलं पाहिजे, आणि हवं तेव्हाच वाजवलं पाहिजे. जोर करून पाय आपटणाऱ्या पोरी फार दिवस टिकत नाहीत, टाचा आणि कंबर धरून बसतात. हे शिकायला वर्षं जातात. मला एका म्हाताऱ्या बाईनं शिकवलं. तिचंही नाव कुठल्या हँडबिलावर नव्हतं.

संगीत बारीतल्या, म्हणजे वग नसलेल्या, नुसत्या लावणीच्या पार्टीतल्या बायकांची विद्या आणखी वेगळी. बैठकीच्या लावणीत एकच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायची आणि दर वेळी नजरेनं, हातानं, मानेच्या वळणानं तिचा वेगळा अर्थ काढायचा, तोही बसल्या जागी. वाईच्या लावणी गाणाऱ्या यमुनाबाईंना २०१२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्या ९६ वर्षांच्या होत्या. अदाकारी वयानं जात नाही, हे त्यांनी दाखवून दिलं.

विठाबाई नारायणगावकरांची एक गोष्ट मात्र सगळे सांगतात. भर कार्यक्रमात कळा आल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. ऐकणारे टाळ्या वाजवतात. मला ती गोष्ट ऐकून टाळी वाजवावीशी वाटत नाही. दिवस भरलेली बाई नाचत होती, कारण नाचली नाही तर फड बसला असता. माझ्याबरोबरच्या बायकाही पोटुशी असताना नाचल्या, कारण रजा घेतली की पैसे बंद आणि उचल वाढत जाणार. विठाबाईंना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला तो त्यांच्या कलेसाठी. त्यांच्या गळ्याबद्दल, त्यांच्या पावलाबद्दल कुणी बोलावं. त्यांच्या नावानं शासन दरवर्षी जीवनगौरव पुरस्कार देतं, ते चांगलंच आहे. पण तिथवर ज्याचं नाव पोचतं, तोच पोचतो.

२०२० साली पाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवशी देश बंद झाला. ऐन यात्रांचा हंगाम गेला. पुढच्या वर्षीही तेच. मदत घेऊन आलेले भले लोक विचारत, फडात बायका किती, कोण कोण, कुठल्या गावच्या? कुणाकडं यादी नव्हती. मालकांना फोन करून जेवढ्या आठवल्या तेवढ्यांना धान्य मिळालं.

आता रात्री दहाच्या नियमानं वग आखडला आहे. लोकांना गाणी आणि नाच एवढंच हवं असतं, म्हणजे सगळा भार मुलींच्या पायांवर. फड त्यांच्यावर चालतो, तर सुपारीच्या करारनाम्याला नाचणाऱ्यांची यादी जोडायला काय अडचण आहे? फडातलं नाव आणि आधारवरचं नाव शेजारी शेजारी, खाली कमिटीचा शिक्का, एक प्रत जिचं नाव तिच्याकडं. पंधरा वर्षांनी तिला कुणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही. आणि ज्या आज म्हाताऱ्या आहेत त्यांच्यासाठी निवड समित्यांनी उचलीच्या वह्या, आणि ज्यांनी साथ केली त्या ढोलकीवाल्यांची, पेटीवाल्यांची लेखी साक्ष मान्य करावी.

सगळ्याच मुलींना वर्तमानपत्रात नाव हवं असेल असं नाही, हेही मी जाणते. कुणाची पोरं शाळेत असतात, कुणाच्या बहिणीची सोयरीक चाललेली असते. माझ्या नातीच्या लग्नाचं बोलणं सुरू आहे, म्हणून माझंही नाव आपण छापू नये. लाज मला नाही, पण समोरच्या घरचं मन मला ठाऊक नाही. म्हणून फोटो काढणाऱ्यानं त्या मुलीलाच विचारावं. ती नको म्हणाली तर नको. पण मालकाला विचारता आणि तिला विचारत नाही, हे बंद व्हावं.

आमच्या भागात नाचलेल्या बायकांची यादी मी करायला घेतली आहे. दोन्ही नावं, कुठल्या फडात, कुठल्या वर्षी, असं लिहून जुन्या साथीदारांकडून पडताळून घेते. वाचकांपैकी कुणाकडं जुनी हँडबिलं, करारनामे, उचलीच्या वह्या असतील तर रद्दीत घालू नयेत. आपल्या कार्यालयात आणून दिल्या तर मी येऊन बघेन, झेरॉक्स काढून मूळ कागद परत करीन.

आपली,
एक तमाशा कलावंत
(नाव व पत्ता संपादकांकडे)