आशाताई, वय आणि धूर नीट विचारल्याबद्दल

प्रिय आशाताई,
स.न.वि.वि.

सीओपीडीच्या (फुप्फुसातल्या श्वासाच्या वाटा कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या) रुग्णांच्या टेलोमिअर तपासणीसाठी तुम्ही गावात जे केलंत, त्याबद्दल हे जाहीर आभार. अशा कामात नाव प्रयोगशाळेचं होतं, पण आकडा खरा की खोटा हे सपरीत बसून भरलेल्या कागदावरच ठरतं.

टेलोमिअर म्हणजे गुणसूत्राच्या टोकाचा डीएनए. पेशी विभागली की तो थोडा झिजतो. बिडीच्या, चुलीच्या धुराने ही झीज वाढते. फार आखूड झाला की पेशी विभागणं थांबवते, पण मरत नाही, सूज वाढवणारी द्रव्यं सोडत बसते. फुप्फुसाची डागडुजी तिथेच अडते.

पांढऱ्या पेशींत टेलोमिअर वयापरत्वे वर्षाला साधारण 20 ते 40 बेस-जोड्यांनी (म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांनी) कमी होतो. म्हणजे वय दहा वर्षांनी चुकलं की 200 ते 400 जोड्यांचा फरक उगाच आजाराच्या नावावर चढतो. आधारवर 1 जानेवारी ही जन्मतारीख असलेल्या आज्यांना तुम्ही विचारलंत: बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालं होतं का? थोरला केवढा होता? असं बसवलेलं वय आम्ही कागदावरच्या वयापेक्षा जास्त खरं मानतो.

धुराचंही तसंच. ‘चूल आहे’ एवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. पऱ्हाटी जाळता की तुराट्या, रोज किती तास, किती वर्षं, गॅस आल्यावरही अंघोळीचं पाणी चुलीवरच का, सगळं लिहिलंत. रोज 4 तास, 30 वर्षं म्हणजे 120 तास-वर्षं. हा हिशेब नसेल तर बिडी न ओढणाऱ्या बाईचा आजार कशाने झाला ते कळत नाही.

रक्त घेताना ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याची) जांभळ्या टोपणाचीच नळी हवी, हिरवी नको, कारण तिच्यातलं हेपॅरिन पीसीआर (डीएनएच्या प्रती काढून मोजायची प्रयोगशाळेतली पद्धत) अडवतं. नळी 8-10 वेळा हलकेच उलटीसुलटी करायची. तशीच ठेवली तर गुठळी, जोरात हलवली तर लाल पेशी फुटतात. मे महिन्याच्या उन्हात डब्यातल्या बर्फाला नळी टेकू नये म्हणून मध्ये वर्तमानपत्राची घडी घालायचं तुमच्या लक्षात राहिलं. टेकली असती तर रक्ताचाच बर्फ झाला असता.

सगळ्यात मोठे आभार मात्र याचे: या तपासणीने कुणाचं औषध बदलणार नाही, हे तुम्ही सही घेण्याआधी प्रत्येकाला सांगितलंत. खोटी आस लावली नाहीत.

ज्यांचे श्वासाच्या औषधाचे पंप सुरू झाले, त्यांना स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) धुतल्यावर फडक्याने पुसू नका, तसाच वाळू द्या, एवढं सांगाल का? पुसल्याने आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

आपले,
तपासणी पथक