धुण्याच्या ढिगाविषयी चि. प्रसादला पत्र

परळ, मुंबई
जूनचा पहिला आठवडा

चि. प्रसाद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नेहाची बदली फोर्टच्या शाखेत झाल्यापासून तुमच्या घरातील धुण्याचा प्रश्न अवघड होऊन बसला आहे. मशीन रोज लागते, तरी सोफ्यावरचा कपड्यांचा ढीग हलत नाही आणि शाळेची बस खाली उभी असताना ईराचा एक मोजा सापडत नाही. त्यात आता पावसाळा तोंडावर आला आहे. माझी सारी नोकरी गिरणीच्या रंगखात्यात झाली. कापड, रंग, साबण आणि पाणी एकमेकांशी कसे वागतात हे मी जवळून पाहिले आहे. या बाबतीत तुम्हा दोघांचा त्रास खरोखर कमी करता येईल असे मला वाटते आणि फोनवर हे सगळे नीट सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मशीन फक्त कपडे धुते. कपडे गोळा करणे, निवडणे, वाळत घालणे, काढणे, घड्या घालणे आणि ज्याचे त्याच्या कपाटात पोचवणे ही कामे माणसाकडेच राहतात आणि घरातला वेळ तिथेच जातो. तुमच्याकडे निवडण्याचे काम तर दोनदा होते: धुण्याआधी रंगाप्रमाणे आणि वाळल्यावर माणसाप्रमाणे. यातली पहिली निवड बऱ्याच अंशी सोडून देता येईल. पूर्वी सुती कापडावरचे कित्येक रंग धाग्याला नुसते चिकटून असत, त्यामुळे प्रत्येक धुण्यात थोडा थोडा रंग उतरे. १९५६ साली रिॲक्टिव्ह रंग बाजारात आले. हे रंग कापसातील सेल्युलोजशी रासायनिक बंधाने जोडले जातात आणि कापड रंगवल्यानंतर न जोडला गेलेला रंग नीट धुऊन काढला असेल, तर घरच्या धुण्यात ते सहसा सुटत नाहीत. मुलांचे रोजचे टी-शर्ट आणि फ्रॉक दोन-तीन धुण्यांतून गेलेले असतील, तर ते सरमिसळ धुवायला हरकत नाही. नवा गडद कपडा, जीन्स आणि बांधणीसारखे पारंपरिक रंगाईचे कपडे मात्र वेगळे ठेवावेत, कारण जीन्सची नीळ धाग्याच्या वरच्या थरावरच बसलेली असते. शंका असेल तेव्हा पांढरा सुती रुमाल ओला करून कपड्याच्या आतल्या शिवणीवर घासून पाहा. रुमालाला रंग लागला नाही, तर तो कपडा निर्धास्तपणे इतरांबरोबर टाकावा. शनिवारचा पांढरा पीटीचा गणवेश तेवढा स्वतंत्र धुवावा, कारण त्याच्यावर इतर कपड्यांचा मळकटपणा हळूहळू चढत जातो.

एवढे मान्य केले की माणसाप्रमाणे धुणे करता येते. दोन्ही मुलांची एक आणि तुम्हा दोघांची एक अशा दोन जाळीच्या टोपल्या बाथरूमच्या बाहेर ठेवा. जाळीच्या एवढ्यासाठी, की घामाने ओले झालेले कपडे बंद बादलीत कोंडले तर धुण्याआधीच त्यांना वास धरतो. एक दिवस मुलांची टोपली आणि दुसऱ्या दिवशी तुमची मशीनमध्ये रिकामी करायची. चादरी, अभ्रे आणि टॉवेल रविवारी. मुलांचे कपडे वाळले की ते सरळ मुलांच्याच कपाटात जातील आणि सोफ्यावर ढीग साचायला कारण राहणार नाही. ईराचे आणि अर्णवचे मोजे व बनियन ओळखण्यासाठी तिच्या कपड्यांना लाल आणि त्याच्या कपड्यांना निळ्या दोऱ्याचा एकेक टाका घालावा. परीट लोक गिऱ्हाइकाच्या कपड्यावर बिब्ब्याने खूण करत, ती पद्धत याच गरजेतून आली. बिब्बा अंगावर उततो म्हणून मुलांच्या कपड्यांना दोराच बरा.

एकदा अंगाला लागलेला प्रत्येक कपडा धुवायलाच हवा असेही नाही. मुंबईच्या घामात आतले कपडे, मोजे आणि गणवेश एकदा घातले की धुवावेत, याबद्दल दुमत नाही. जीन्स, संध्याकाळी तासभर घातलेला कुर्ता आणि घरातली हाफ पँट मात्र खुंटीला टांगून पुन्हा घालता येतात. मुलांना टोपली आणि खुंटी यांतला फरक शिकवला, तर आठवड्याचे धुणे तिथेच बरेच कमी होईल. उलट गणवेशाचा तिसरा जोड मात्र शिवून घ्या. तो खर्च वाटेल, पण पावसाळ्यात रात्री साडेदहाला ओल्या स्कर्टवर इस्त्री फिरवण्याची वेळ त्यामुळे टळते.

आता साबणाचे. मुंबईला महापालिकेचे पाणी येते ते मुख्यतः भातसा, वैतरणा आणि तानसा या धरणांतले. ते पावसाचे साठवलेले पाणी असल्यामुळे मऊ असते आणि त्यात साबणाला चांगला फेस येतो. एप्रिल-मेमध्ये तुमच्या सोसायटीच्या टाकीत टँकरचे किंवा बोअरचे पाणी पडते, तेव्हा ते जड असू शकते आणि पावडर जास्त लागते. एरवी पाकिटावर मऊ पाण्यासाठी दिलेले माप तुम्हाला पुरते. जास्त पावडरीने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत. फ्रंट लोड मशीनमध्ये कपडे वरून खाली आपटून धुतले जातात, त्यांच्यामध्ये फेसाची गादी झाली की आपटण्याचा जोर जातो आणि उरलेला साबण धाग्यात बसून कापड कडक व मळकट होते. तुमच्या मशीनमध्ये साबण न टाकता एक धुतलेला टॉवेल कोमट पाण्यात फिरवून पाहा. काचेवर फेस दिसला, तर पावडर कमी करण्याची वेळ आली असे समजा. ड्रममध्येही कपड्यांच्या वर हात सहज जाईल इतकी जागा मोकळी राहू द्यावी. सुगंधी कंडिशनर टॉवेलांना लावूच नये. त्याचा मेणासारखा थर बसतो आणि टॉवेल अंग पुसायच्या कामाचा राहत नाही.

पावसाळ्याबद्दल जरा तपशिलाने लिहितो, कारण तुमची खरी परीक्षा तिथे आहे. गिरणीत आम्हाला धाग्यातल्या ओलाव्याची प्रमाणे पाठ असत. ठरावीक तापमानाच्या आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. जुलैत मुंबईची हवा ८० टक्क्यांच्या वर आर्द्र असते. अशा हवेत जाड सुती टॉवेल आणि जीन्स दोन दिवसांतही वाळत नाहीत आणि टेरिकॉटचा, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेल्या सुती कापडाचा, गणवेश रात्रीत वाळतो, यामागचे कारण हेच. म्हणून जून ते सप्टेंबर जाड टॉवेल कपाटात ठेवून द्या आणि अंग पुसायला पातळ पंचे वापरा. पंचा लवकर वाळतो, मशीनमध्ये जागा कमी घेतो आणि आपल्या हवेला तोच शोभतो. मुलांचे घरातले कपडेही त्या चार महिन्यांत पातळ किंवा मिश्र कापडाचे असावेत.

कपडे मशीनमधून काढण्याआधी पिळण्याची फेरी पुन्हा एकदा, जाड सुती कपड्यांना सोसेल तितक्या जास्त वेगाने लावा. पाणी फिरवून काढायला वीज कमी लागते आणि उष्णता देऊन उडवायला पुष्कळ लागते, त्यामुळे ड्रायर विकत घेण्याआधी हा उपाय करून पाहावा. धुणे संपल्यावर कपडे मशीनमध्ये पडून राहता कामा नयेत. ओल्या कापडात जीवाणू वाढतात आणि पावसाळ्यातला तो कुबट वास त्यांच्यामुळे येतो. वरून कितीही अत्तर शिंपडले तरी तो जात नाही. तुमच्या मशीनला टायमर आहे. रात्री कपडे भरून ठेवावेत आणि तुझ्या उठण्याच्या वेळी धुणे संपेल असे लावावे, म्हणजे लगेच वाळत घालता येईल. छताच्या पुलीवर कपडे टांगताना दोन कपड्यांत चार बोटांचे अंतर ठेवा, पँटा उलट्या करून खिसे बाहेर काढा आणि पंखा त्यांच्याकडे वळवा. कपडा वाळतो तो मुख्यतः त्याच्यावरून हवा वाहत राहिल्याने. दारे-खिडक्या बंद करून कोंडलेल्या खोलीत तो ओलाच राहणार. मुलांच्या खोलीत तुम्ही एसी लावत असताच, तर पुलीवरचे उरलेसुरले कपडे तेवढा वेळ तिथे स्टँडवर ठेवावेत; एसी हवेतले पाणी काढून घेतो. महिन्यातून एकदा टॉवेल आणि चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुवा, म्हणजे मशीनच्या आतला चिकटपणाही कमी होईल. दाराचे रबर पुसून दार किलकिले ठेवायचे, पण अर्णव आत शिरणार नाही याची खात्री करूनच.

डागांपैकी फक्त हळदीचे सांगतो, कारण आपल्या घरांतला रोजचा डाग तोच. वरणाचा डाग साबण लावताच लाल होतो आणि नेहा घाबरून आणखी जोरात घासते. हळदीतले कर्क्युमिन अल्कलीत लाल होते, एवढेच त्याचे कारण आहे. आधी भांड्यांचा लिक्विड साबण लावून तूप-तेल काढावे, कपडा धुवावा आणि राहिलेला पिवळा डाग सरळ उन्हात ठेवावा. उजेडाने कर्क्युमिनचा रंग उडतो. डाग जाईपर्यंत इस्त्री लावू नये. रक्त आणि दूध यांना गार पाणीच वापरायचे, गरम पाण्याने ते डाग पक्के बसतात.

एका गोष्टीत मी आग्रह धरणार आहे. मुलांच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवू नका. काही मुलांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचे विकर जन्मतः कमी असते आणि अशा मुलाच्या तांबड्या पेशी गोळ्यांतल्या नॅप्थलीनच्या संपर्काने फुटतात. तान्ह्या बाळांना यातून गंभीर कावीळ होऊ शकते. शिवाय पांढरी गोळी अर्णवच्या वयाच्या मुलाला पेपरमिंटच वाटणार. साबणाच्या रंगीत कॅप्सूलही त्याच कारणासाठी घरात आणू नका, पावडर पुरेशी आहे. कडुलिंबाचा वाळलेला पाला कपाटात ठेवला तरी चालेल, पण कपडे पूर्ण वाळवून ठेवणे हे सर्वांत महत्त्वाचे.

आता कामाच्या वाटणीविषयी. नेहा सकाळी ७.५२ ची लोकल पकडते आणि तुझे ऑफिस दहाला सुरू होते. तेव्हा सकाळी मशीनमधून कपडे काढून वाळत घालण्याचे काम तुझे असावे, आणि ते नेहाला मदत म्हणून नव्हे, तर तुझ्या नावावरचे काम म्हणून. आज कोणती टोपली लावायची, पावडर संपत आली आहे का, शनिवारचा पांढरा गणवेश कुठे आहे, हे सगळे एकटी नेहा डोक्यात वागवते. तो विचार करण्याचा भारही तू उचललास तरच तिला खरी उसंत मिळेल. ईरा आठ वर्षांची आहे. तिला मोज्यांच्या जोड्या लावता येतात आणि खालच्या दांडीवर स्वतःचे कपडे घालता येतात. तिच्या घड्या वाकड्या झाल्या तर त्या पुन्हा घालत बसू नका, नाहीतर ती ते काम सोडून देईल. मुलांच्या आतल्या कपड्यांना घडी लागतच नाही, ते खणात नुसते ठेवावेत. इस्त्री फक्त गणवेशाला आणि तुमच्या ऑफिसच्या कपड्यांना. तेही बिल्डिंगखालच्या इस्त्रीवाल्याकडे दर बुधवारी आणि रविवारी एकदम द्यावेत.

येत्या रविवारी मी तुमच्याकडे येतो आहे. दादरहून सहा पंचे आणि जाळीच्या दोन टोपल्या घेऊन येईन, तू पुलीची दोरी तेवढी बदलून ठेव. गेल्या वेळी ती एका बाजूने विरलेली दिसली. ईराच्या आणि अर्णवच्या कपड्यांना दोऱ्याचे टाके मीच घालून देईन.

सौ. नेहास आशीर्वाद. ईरा आणि अर्णव यांना गोड पापा.

तुझे
बाबा