दोन ॲरे, एक फंक्शन आणि बॅशवाल्या ताईला थँक्यू

ताई,

त्या दिवशी फोनवर नीट थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं, स्क्रिप्ट चालली त्या आनंदात मी फोनच ठेवून दिला, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

काम तसं साधं होतं. एका ॲरेत, म्हणजे यादीत, बॅकअप घ्यायचे 3 फोल्डर, दुसऱ्यात 2 डिस्कचे पाथ, आणि दोन्ही बॅशच्या (कमांड लिहून स्क्रिप्ट चालवायची ती भाषा) एकाच फंक्शनला द्यायचे. मी आपले दोन्ही ॲरे पूर्ण उलगडून एकामागे एक टाकले आणि आत डॉलर वन म्हणजे पहिला ॲरे, डॉलर टू म्हणजे दुसरा असं धरून चाललो. झालं काय, तर बिलांचा फोल्डर डिस्कवर जायचा सोडून फोटोंच्या फोल्डरमध्ये जाऊन बसला, आणि एरर म्हणशील तर एक नाही!

तू एवढंच म्हणालीस, फंक्शनच्या पहिल्या ओळीत डॉलर हॅश, म्हणजे आत किती गोष्टी आल्या तो आकडा, एको करून (छापून) बघ. मला वाटलं 2 येईल. आले 5. तिथेच ट्यूब पेटली, बॅश ॲरे असा पाठवतच नाही, सगळे सुटे करून एका रांगेत उभे करतं, मग पहिला कुठे संपला हे आत कळणार कसं.

मग तू ते लोकल मायनस एन दाखवलंस, म्हणजे फंक्शनच्या आत बाहेरच्या ॲरेला दुसरं नाव लावायचं. ॲरे द्यायचाच नाही, नुसतं नाव द्यायचं, डॉलरबिलर काही नको. मी तिथेही माती खाल्ली, आत-बाहेर एकच नाव ठेवलं आणि सर्क्युलर नेम रेफरन्सची (नाव स्वतःकडेच बोट दाखवतंय अशी) वॉर्निंग ओढवून घेतली. आतल्या नावाला अंडरस्कोर लाव म्हणालीस, गप्प झाली.

आणि घरच्या मॅकवर तीच स्क्रिप्ट आपटली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजलेले, तरी तू फोन उचललास! बॅशचं व्हर्जन बघ म्हणालीस, निघालं 3.2, म्हणजे मूळचं 2006 चं, आणि मायनस एन आलं 2014 ला 4.3 मध्ये. ॲपल लायसन्सपायी पुढचं देतच नाही हे मला काय माहीत (नवीन मॅक घेतल्याचा माज तिथेच उतरला). मग पहिल्या ॲरेत किती आहेत तो आकडा आधी पाठवायचा, आत तेवढे उचलून शिफ्ट करायचं (रांगेतून काढून टाकायचे), उरतील ते दुसऱ्याचे, हा जुना जुगाड तू झोपेतच सांगितलास बहुतेक.

मॅकवर आता तोच चालू आहे. फोटोंमधली बिलं मात्र अजून एकेक करून काढतोय.