बुवांची वही

ओसाका, २४ एप्रिल

प्रिय विन्या,

सात महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी. गुडघा कुरकुरतो, त्याची जुनी सवय.

परवा २२ तारखेला शितेन्नोजी या इथल्या बौद्ध मंदिरात गेलो होतो. राजपुत्र शोतोकूच्या स्मरणाचा उत्सव तिथे दरवर्षी याच दिवशी असतो. तळ्यावर दगडी रंगमंच, खाली कासवं, कोपऱ्यांवर लाल फुलांचे भलेमोठे गोळे. चार लहान पोरं पाठीला पंख लावून, हातात झांजा घेऊन नाचली. नाचाचं नाव कार्योबिन, म्हणजे आपल्या संस्कृतातला कलविंक पक्षी! बोधिसेन नावाचा भारतीय भिक्खू ७३६ साली इथे आला. त्यानं आणि चंपा देशाच्या बुत्तेत्सुनं हे नाच आणले असं मानतात. बोधिसेन परत गेलाच नाही. "म्हणजे तुझ्यासारखाच" असं तू म्हणणार. म्हण.

शेजारी एक आजोबा होते, एके काळी शो वाजवायचे. शो म्हणजे बांबूच्या १७ नळ्यांचं, तोंडानं वाजवायचं वाद्य. श्वासाच्या वाफेनं आत पाणी धरतं, म्हणून ते मधूनमधून शेगडीवर शेकतात. मी त्यांना पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायच्या कणकेबद्दल सांगितलं. आम्ही वाद्याला भाकरीसारखं भाजतो आणि तुम्ही कणीक लावता, म्हणून पोट धरून हसले. मग म्हणाले, शिकताना आधी वाद्य हातात मिळत नाही. गुडघ्यावर ताल धरून नुसतं गायचं, 'ची रा रो रु'. विन्या, मला बुवांची ओसरीच दिसली. मांडीवर थापट्या आणि 'धा धा दिं ता, किट धा दिं ता'. वर्षभर पखवाजाला बोट लावू दिलं नव्हतं म्हाताऱ्यानं!

खरी गोष्ट पुढेच आहे. १८७० मध्ये सरकारनं क्योतो, नारा आणि ओसाकाच्या वंशपरंपरागत वादक घराण्यांना तोक्योला दरबारात बोलावून घेतलं. इथली परंपरा बुडायला आली. तेव्हा १८८४ मध्ये इथल्याच एका भिक्षूनं हौशी मंडळी जमवून गार्योकाई ही संस्था काढली. परवा नाचले ते त्यांचेच लोक. आजोबांनी एका मुखवटेवाल्याकडे बोट दाखवलं, "हा सोमवारी बँकेत असतो."

आणि माझ्याकडे बुवांची पखवाजाच्या बोलांची वही! "तू परदेशी चाललास, ती मला दे" म्हणून तू भांडलास. "त्यांच्या मुलानं मला दिली, माझी" असं मी म्हटलं. दोन वर्षं अबोला. नऊ वर्षांत ती पासपोर्टाशेजारून मी चारदा काढली असेल, त्यातही दोनदा पासपोर्ट शोधताना. मुलगा वाजवत नाही, घराणं संपलं, आपण उपरे काय करणार, ही माझी सबब. त्या बँकवाल्यानं तीही काढून घेतली. काल रात्री उघडली तर शाई फुटलीये. मधलं एक चौतालातलं परण, म्हणजे बांधलेली बोलरचना, निम्मं वाचताच येत नाही. तोंडानं म्हणून पाहिलं, समेवर आलोच नाही. शेजारणीनं भिंत ठोकली, तीही बेतालच.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? पोरगी पुण्यात रुळली का? हरिपूरचं घर विकलं म्हणे, कळवलंही नाहीस.

सोबत त्या पानाचा फोटो आहे. तिसऱ्या ओळीत 'धुम' आहे की 'घुम'? बुवांचं अक्षर तुलाच लागायचं. गणपतीला येतोय, वही घेऊनच येतो. फक्त तेव्हा चारचौघांत "मी म्हटलंच होतं" म्हणू नकोस.

तुझा,
मन्या